संचार साथी: फोन हरवल्यावर खरंच उपयोगी

दूरसंचार विभागाची संचार साथी ही मोफत सेवा (वेबसाइट आणि अ‍ॅप) प्रत्येकाने आजच वापरून बघावी. ‘आपल्या नावावर किती सिम’ हे ओटीपी टाकताच दिसतं. अनोळखी नंबरसमोर ‘माझा नंबर नाही’ निवडा.

फोन चोरीला गेल्यास आधी पोलिसांत तक्रार आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, मगच इथे फोन ब्लॉक करण्याचा अर्ज. ओटीपी त्या सिमवरच येतो आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. इथेच बहुतेकजण अडकतात. १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बिलावर किंवा खोक्यावर सापडतो. दोन सिमच्या फोनचे दोन्ही आयएमईआय भरा. अर्जानंतर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपा, अनब्लॉक करायला तोच लागतो.

सेकंडहँड फोन घेताना *#०६# दाबून आलेला आयएमईआय इथे तपासाच. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर मात्र इथे वेळ घालवू नका, थेट १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.