फोर्कलिफ्टचा नवा सेल्फ: आठ महिन्यांनंतर

जामनेर रोडला आमचं कापसाचं जिनिंग. दिवाळीनंतर गाठी पडायला लागल्या आणि तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट अडून बसली. किल्ली फिरवली की नुसता घर्रर्र आवाज, इंजिन जागचं हलेना. सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरची, मोटर फिरत होती, पण तिचा जोर इंजिनकडे नेणारा बेंडिक्सचा क्लच घसरत होता. 170 किलोची एकेक गाठ हमालांनी किती दिवस लोटायची? जुना सेल्फ काढून गिअर रिडक्शनचा (आत गिअर लावून मोटरचा जोर वाढवणारा) बसवला.

सेल्फ चांगला आहे. वजनाला हलका, थंडीत सकाळीही इंजिन झपकन उचलायचा.

जानेवारीत मात्र वेगळंच. नुसतं ‘टक’, पुढे काही नाही. मी थेट दुकानदाराशी भांडलो. मिस्त्री म्हणाला, “सेल्फ खोलू नका भो, आधी मीटर लावा.” बॅटरी 12.6 व्होल्ट. पण किल्ली मारताना सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरीवर जेमतेम 7. ही वायर किल्लीतून आणि पुढे-मागेच्या लिव्हरखालच्या न्यूट्रल स्विचमधून (लिव्हर मध्ये असेल तरच इंजिन सुरू होऊ देणारा) येते. स्विच उघडला तर आत रुईचा चिकट थर! एवढ्या व्होल्टेजवर सोलेनॉइडमधला दांडा, प्लंजर, पूर्ण ओढला जात नाही, मग त्याला जोडलेला फोर्क सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाला, पिनियनला, पुढे ढकलणार कसा? स्विच साफ केला, मध्ये रिले टाकला, म्हणजे सोलेनॉइडला करंट थेट बॅटरीतून मिळतो. अर्थिंगच्या पट्टीखालचा रंगही खरवडला. दुकानदाराला फोन करून माफी मागितली, हे घरी सांगितलेलं नाही.

एक कळकळीचं: पेचकस लावून सोलेनॉइड शॉर्ट करायची सवय जिनिंगमध्ये नको. ठिणगी रुईवर पडली तर फोर्कलिफ्टच काय, शेडही राहणार नाही.

तक्रार एकच, आणि तीही सेल्फची नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागांवर थांबतं, तिथले रिंग गिअरचे, म्हणजे इंजिनच्या जड चाकावरच्या (फ्लायव्हील) दातेरी कड्याचे, दात झिजलेत. पिनियन दातावर खट् करून आदळतं, आत शिरत नाही. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन थोडं फिरवलं की लागतं. जुना सेल्फ उतरवला तेव्हाच भोकातून टॉर्च मारून दात बघायला हवे होते. आता नव्या पिनियनची कडाही मोडायला लागलीय.

रिंग आणून ठेवलीय. पोळ्याच्या आत फ्लायव्हील उतरवायचं ठरलंय.