नदीकाठ सुधारायचा आहे: साबरमतीसारखा की ईझारसारखा?

महापालिकेच्या सभागृहात नदीकाठ विकासाचा विषय निघाला की पडद्यावर पहिलं चित्र येतं ते साबरमतीचं. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, मध्ये तुडुंब पाणी, काठाने फरसबंद वाट, संध्याकाळचे दिवे. बघणाऱ्याला साहजिकच वाटतं की आपल्या नाला झालेल्या नदीचंही असं काही व्हावं. ही इच्छा अजिबात चुकीची नाही. पण त्याच बैठकीत दुसरं चित्रही दाखवायला हवं, जर्मनीतल्या म्युनिक शहरातून वाहणाऱ्या ईझार नदीचं. अहमदाबादेत नदीला भिंती घातल्या. म्युनिकमध्ये पूर्वी घातलेलं काँक्रीट काढलं. दोन्हीकडे सांगितलेला हेतू एकच होता, शहरातल्या लोकांना नदी परत मिळावी.

हे लिहितो आहे ते नाशिक, सांगली, कोल्हापूर, पिंपरी-चिंचवड अशा शहरांतल्या नागरिकांसाठी, ज्यांना आज ना उद्या नदीकाठाच्या आराखड्यावर हरकती-सूचना लिहायच्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या पावसाळी नद्यांना बहुतेक लांबीत ईझारची वाट मानवेल. साबरमतीकडून घ्यायच्याही काही गोष्टी आहेत आणि त्या सोडू नयेत.

दोन्हीकडे नेमकं काय केलं

साबरमतीच्या काठाची कल्पना 1960च्या दशकात फ्रेंच वास्तुविशारद बर्नार्ड कोन यांनी मांडली. त्यासाठी स्वतंत्र कंपनी 1997 मध्ये निघाली, बांधकाम 2005 मध्ये सुरू झालं आणि 2012 मध्ये काठावरची वाट लोकांना खुली झाली. दोन्ही काठांवर सुमारे 11 किलोमीटर काम आहे. नदीची रुंदी कुठे कमी, कुठे जास्त होती, ती जवळपास एकसारखी केली. भराव घालून सुमारे 200 हेक्टर जमीन मिळवली. मूळ साबरमती वर्षातला बराच काळ कोरडी असे, तिच्या पात्रात भाजी पिकायची. आज दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि खालच्या अंगाला असलेल्या वासणा बंधाऱ्याने अडवून धरलेलं असतं. म्हणजे शहरापुरता तो एक लांबट जलाशय आहे.

ईझार आल्प्सच्या डोंगरांतून येते. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ करून काठ बांधून काढले होते, आणि तिचं बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी बाजूच्या कालव्यात वळवलं होतं. 1995 मध्ये बव्हेरिया राज्याचं जलखातं आणि म्युनिक शहर यांनी एकत्र अभ्यास सुरू केला. 2000 ते 2011 या काळात शहराच्या दक्षिण भागापासून मध्यापर्यंत 8 किलोमीटरचं काम झालं, खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. काठांचं काँक्रीट उखडलं, वाहतं पात्र साधारण 50 मीटरचं होतं ते जागा मिळेल तिथे 90 मीटरपर्यंत रुंद केलं आणि उतार सौम्य करून गोट्यांचे किनारे मोकळे केले.

यातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. काठ मोकळा केला तर नदी खात खात रस्त्यापर्यंत येईल, ही भीती तिथल्या अभियंत्यांनाही होती. त्यांनी काठापासून आत, जमिनीखाली, दगडांची रांग पुरून ठेवली. वरून पाहिलं तर गवत आणि झाडं. नदीने काठ खाल्ला, वळण बदललं, तरी ती त्या पुरलेल्या दगडांपर्यंतच येणार, पुढे नाही. पूरबांधांवरची जुनी झाडंही त्यांनी तोडली नाहीत. बांधाच्या पोटात भिंत घालून तो मजबूत केला आणि झाडं जागच्या जागी राहिली. पात्रात आडव्या घातलेल्या, पाणी एकदम खाली पाडणाऱ्या पायऱ्या होत्या, त्या काढून दगडांचे खडबडीत उतार केले. त्यामुळे मासे वर चढू शकतात आणि पोहणाऱ्याचा जीवही धोक्यात येत नाही.

आमच्याकडे एवढी रुंद नदी नाही, नुसता ओढा आहे, असं म्हणणाऱ्यांनी सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ उद्यान पाहावं. कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीट कालवा फोडून तिथे 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. एरवी लोक पाण्यात पाय सोडून बसतात. पाणी चढू लागलं की भोंगे आणि दिवे सावध करतात आणि अख्खं उद्यान पुराला मोकळं होतं. तेही 2012 मध्येच खुलं झालं.

पूर

निर्णयाला इथून सुरुवात करावी, बाकांच्या रंगापासून नव्हे. भिंतींची बाजू अशी मांडली जाते की पात्र एकसारखं आणि गुळगुळीत केलं तर पाणी वेगाने निघून जातं आणि भिंतीमागची वस्ती सुरक्षित राहते. हिशेब ठरावीक विसर्गापर्यंत खरा असतो. प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. आपली धरणं पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत भरून घ्यायची असतात. भरल्यानंतर पडलेला पाऊस तसाच खाली सोडावा लागतो. शिवाय धरणाच्या खाली शहरातच पडणारं पाणी ओढ्यानाल्यांतून येतं, त्याला कोणतंही दार नसतं.

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने जो घात केला तो अशाच पावसाचा होता. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते खडकवासला धरणाच्या विसर्गाने. दोन्ही प्रसंगांत शहराला काय हवं होतं? पाण्याला पसरायला जागा, आणि ओढ्याला नदीत उतरायला मोकळं तोंड. नदीकाठी उंच भिंत झाली आणि नदीची पातळी वर असली, की ओढ्याचं पाणी मागे फुगून गल्ल्यांत शिरतं. म्हणून आराखडा पाहताना भिंतीची उंची विचाराच, पण त्याहून आधी प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी काय योजलं आहे ते विचारा.

ईझारलाही वरच्या अंगाला सिल्व्हेनस्टाईन धरणाचा आधार आहे, ते 1959 पासून पूर अडवतं. तरीही तिथे पात्र रुंद करण्याचं पहिलं कारण पूर हेच होतं. काम चालू असतानाच ऑगस्ट 2005 मध्ये मोठा पूर आला. आल्प्सच्या पुरापेक्षा आपला पावसाळा लांब आणि बेभरवशाचा. मग जागा तरी आपण कमी का करावी?

आपल्याकडे निळी (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा आखलेल्या असतात. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल यांच्यामधलं नियंत्रित क्षेत्र. आराखड्याच्या नकाशावर या दोन्ही रेषा, कामाच्या आधीच्या आणि नंतरच्या, एकाच कागदावर काढून मागा. कामानंतर रेषा नदीकडे सरकत असेल, तर मोकळी झालेली जमीन कशासाठी वापरणार, हे त्याच बैठकीत लेखी घ्या.

मैलापाणी

ईझारमध्ये आज लोक पोहतात ते गोटे सुंदर आहेत म्हणून नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय केली, तेव्हा पाणी अंघोळीच्या योग्यतेचं झालं. जोरदार पावसानंतर तिथेही पोहू नका असं सांगतात. साबरमतीवर दोन्ही काठांनी वाहिन्या टाकून नाले अडवले, शहरातला पट्टा स्वच्छ दिसू लागला. पण वासणा बंधाऱ्याच्या खाली तीच नदी सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने भरून वाहते, आणि 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला स्वतःहून त्यात लक्ष घालावं लागलं. काठ सुधारला म्हणजे नदी सुधारली असं होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाचा आराखडा साबरमती करणाऱ्याच संस्थेने केला. अंदाजित खर्च 4,700 कोटींच्या घरात. मैलापाण्याचा प्रकल्प वेगळा आहे, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावरचा, 11 केंद्रं आणि रोज 396 दशलक्ष लिटर क्षमता. ती केंद्रं पूर्ण व्हायच्या आधीच काठाचं काम सुरू झालं. एप्रिल 2023 मध्ये झाडांसाठी पुणेकर मोठ्या संख्येने नदीपात्रात उतरले, तेव्हा अनेकांच्या तोंडी हाच प्रश्न होता की आधी पाणी का नाही.

तुमच्या शहरात हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. जानेवारीत, पाऊस संपून महिने उलटलेले असताना, पावसाळी गटाराचं तोंड जिथे नदीत उघडतं तिथे जाऊन उभे राहा. पावसाळी गटार त्या दिवसांत कोरडं असायला हवं. पाणी वाहत असेल, वर राखाडी फेस असेल आणि नाकाला रुमाल लावावा लागत असेल, तर वर कुठेतरी मैलावाहिनी त्याला जोडलेली आहे. कधी पाणी नितळ आणि थंड निघतं, तेव्हा तो झरा असतो. त्याचीही नोंद करा, कारण अखंड भिंत उभी राहिली की काठातून पाझरणारं हे पाणी सगळ्यात आधी बंद होतं. अशी तोंडं नकाशावर मांडून, फोटो आणि तारखेसह, हरकतीला जोडा. दहा पानी भाषणापेक्षा अधिकारी या कागदाला उत्तर द्यायला जास्त बांधील राहतात.

काठावरची माणसं

इथे साबरमतीला श्रेयही द्यायला हवं आणि दोषही. श्रेय असं की मोठ्या शहरात मैलोन् मैल सलग, गाड्यांशिवाय चालता येईल अशी वाट सामान्य माणसाला मिळाली. नदीवरचा पादचारी अटल पूल, काही बागा यांना तिकीट आहे, पण पाण्याकाठची मुख्य वाट खुली आहे. आजीआजोबा, तरुण जोडपी, बुरखा घेतलेल्या बायका, सायकलवाली पोरं, सगळे तिथे दिसतात. आपल्या शहरांत अशी जागा किती ठिकाणी आहे?

दोष असा की नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतली दहा हजारांहून अधिक कुटुंबं हलवावी लागली आणि त्यांना हक्काचं घर मिळण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. अनेकांना वटवासारख्या भागांत घरं मिळाली, पण रोजगार मागे शहरात राहिला. एलिसब्रिजखाली भरणाऱ्या रविवारच्या गुजरी बाजारालाही कोर्टकचेरीनंतरच नवी जागा मिळाली.

म्युनिकमध्ये काठावर वस्त्या नव्हत्या, त्यामुळे या बाबतीत ईझारकडून आपल्याला काही शिकता येणार नाही. इथे आपला काठ आपणच मोजावा लागेल. कोल्हापुरात पंचगंगेवर म्हशी धुतल्या जातात, कृष्णेच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत, वांगी होतात, भोई मासे धरतात, धोबी दगडावर कपडे आपटतो, दहाव्याच्या विधीला घाट लागतो. यातलं कोण कुठून पाण्यात उतरतं, हे आराखड्यात दिसलं पाहिजे. पायरीची उंची हा बारीक मुद्दा वाटेल, पण गुडघे दुखणारी बाई ज्या पायरीवर बसून दिवा सोडू शकत नाही, तो घाट लोकांचा म्हणता येणार नाही.

चर्चा कधी झाली

म्युनिकमध्ये निसर्गप्रेमी, मासे धरणारे, नावा वल्हवणारे, सायकलवाले अशा संघटनांनी मिळून ‘ईझार-अलायन्स’ उभी केली. शहराच्या मध्यभागातल्या पट्ट्यासाठी 2003 मध्ये स्पर्धा घेतली, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा आराखडा लोकांना फार आखीव वाटला. दोन वर्षं वाद चालला आणि शेवटी पहिल्या दोन आराखड्यांचा मेळ घालून काम झालं. हे शक्य झालं कारण चर्चा निविदेच्या आधी होती. आपल्याकडे हरकती मागवतात तेव्हा बहुतेक वेळा नकाशे पक्के झालेले असतात. म्हणून पहिली मागणी वेळेची असावी.

पुण्यात जीवितनदीसारख्या संस्थेने विठ्ठलवाडी आणि औंधला नदीचा एकेक तुकडा दत्तक घेऊन लोकांना दर आठवड्याला काठावर आणलं. ज्या शहरात असा गट आहे तिथे हरकती नेमक्या येतात, कारण लिहिणाऱ्याला वाळुंजाची झाडं कुठे आहेत आणि शेकाट्या पक्षी कुठल्या उथळ पाण्यात उभे राहतात हे ठाऊक असतं.

मग काय मागावं

जिथे काठाला मोकळी जमीन, मळी, झाडी शिल्लक आहे, तिथे ईझारची पद्धत मागा: सौम्य उतार, पुरलेले दगड, मातीची वाट. पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली तरी चालेल. जिथे गावठाण नदीला भिडलेलं आहे आणि जुने घाट आहेत, तिथे घाट दुरुस्त करा, तेवढ्यापुरती भिंत समजण्यासारखी आहे. साबरमतीची सलग, बिनागाड्यांची वाट दोन्हीकडे मागा. बंधारे घालून बारमाही पाणी साठवण्याच्या कल्पनेला मात्र मैलापाणी थांबेपर्यंत नकार द्या. साठलेल्या मैल्यावर जलपर्णी आणि डास येतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आणि खर्चाच्या तक्त्यात देखभालीचा रकाना शोधा. दर पुरानंतर काठावर गाळ येतो, फांद्यांना प्लास्टिक लटकतं. मातीच्या उतारावरचा गाळ काही अंशी तिथेच मुरतो, फरशीवरचा मात्र दरवर्षी माणसं लावून उचलावा लागतो. ती माणसं कोणत्या खात्याची आणि त्यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून, हे ठरल्याशिवाय आराखड्याला संमती देऊ नका.