परदेशातून गावच्या शाळेत: ऑनलाइन शिकवणी की गावातली ताई?

मस्कतहून आम्ही कायमचे परतलो तेव्हा पोरगी सहावी पास होऊन आली होती. तिथल्या सीबीएसईच्या शाळेत तिला मराठी नव्हतं. बोलायची सगळं, पण लिहायचं म्हणाल तर स्वतःचं नाव आणि 'आई', 'बाबा' एवढ्यावर गाडी थांबायची. आणि इथे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात सातवी सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत अन् बाकीचं मराठीत. गणिताची चिंता नव्हतीच. इतिहास, भूगोल आणि मराठी या तिघांनी घाम फोडला.

त्यानंतर ओळखीतल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एक कुवेतहून येतोय, दुसरा पुण्याची नोकरी सोडून वरुडकडची संत्र्याची बाग बघायला येतोय, तिसऱ्याची बदली आहे. पोराला शिकवणी लावायची हे तिघांचंही ठरलेलं आहे, प्रश्न आहे कोणती. तिघांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे एकत्र लिहितो. अनुभव एका घरचा आहे, तेवढं धरून वाचा.

'सीबीएसईत टाका, मराठीची कटकटच नको' असं सांगणारे भेटतील. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. कटकट टळत नाही. इतिहास-भूगोल इंग्रजीत मिळतं, एवढाच काय तो फायदा.

तालुक्याच्या कोचिंग क्लासबद्दल फार लिहीत नाही. तिथे बाकांवर चाळीस पोरं असतात आणि सगळ्यांना तेच शिकवतात. आपल्या लेकराचं दुखणं वेगळं असतं. शाळेसाठी मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण शाळा सुटल्यावर क्लास करून परत यायला गाडी कधी मिळेल ते कंडक्टरही सांगत नाही. आम्ही आठ दिवसांत सोडला.

उरले दोन पर्याय. एक, ऑनलाइन एकास एक शिकवणी. आमच्या मॅडम पुण्याच्या होत्या, तासाला चारशे रुपये, आठवड्यातून तीन तास. दुसरा, गावातलीच एक ताई. डी.एड. झालेली, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास, शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसलेली. महिन्याचे हजार रुपये, रोज तासभर, शिवाय कधी तासाचे दोन तास होत त्याचा हिशोब नाही.

ऑनलाइनची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नव्हती. परतायचं ठरलं डिसेंबरात, पोरगी तेव्हा मस्कतलाच. तिथे बसून मराठी शिकवणारं दुसरं कोण मिळणार होतं? मॅडमनी बाराखडीपासून धरलं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्यातली पहिली ते चौथीची मराठीची पुस्तकं उतरवून घ्यायला लावली आणि एप्रिलपर्यंत पोरगी तिसरीचा धडा अडखळत का होईना वाचू लागली. आकड्यांची गंमत वेगळीच. देवनागरी एक तिला इंग्रजी नऊसारखा दिसे, देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. पान १४ ला ती अठ्ठ्याण्णवावं पान म्हणायची! मॅडमनी तक्ता करून आठवड्यात ते मिटवलं. वेळ पाळत, घरी लग्न असो की पाहुणे, सुट्टी नाही. इंग्रजीतून समजावून सांगायची सोय होती ती वेगळी. 'उठाव' आणि 'चळवळ' यांतला फरक तिला इंग्रजीतून चटकन कळे.

नेट जातं, लाईट जाते, हे सगळ्यांना माहीतच आहे. त्यावर कोणी निर्णय बदलत नाही, मीही बदलला नसता.

माझा निर्णय बदलला वहीने.

ऑनलाइन शिकवताना कॅमेरा तोंडावर असतो. वही दाखवायची तर पोरगी ती उचलून धरायची. मग 'थोडी वर, थोडी डावीकडे, लाईट चमकतोय बेटा' यात पाच मिनिटं. शेवटी मॅडमनी सांगितलं, लिहून झालं की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. फोटो जायचा, दुसऱ्या दिवशी शेरा यायचा: 'छान! अक्षर मोत्यासारखं.' खरंच सुंदर होतं, मीही नातेवाइकांना दाखवत फिरलो.

मग ऑगस्टात पहिली घटक चाचणी झाली. इतिहासाचे शेवटचे दोन प्रश्न कोरे. येत नव्हते का? घरी विचारले तर धडाधड सांगितले. म्हणे, वेळच पुरला नाही. मॅडम म्हणाल्या, सराव वाढवू. वाढवला. फोटो आणखी सुंदर येऊ लागले.

ताईला मी तेव्हा फक्त 'जरा बघून दे' म्हणून बोलावलं होतं. ती पोरीच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, चार ओळी लिही. पोरीने पट्टी घेतली, आधी ओळभर शिरोरेघ ओढली आणि मग त्या रेघेखाली एकेक अक्षर लटकवायला लागली. शब्द संपला की रेघेचा मधला भाग खोडरबरने पुसायचा, म्हणजे पुढचा शब्द वेगळा दिसतो. ताई पाच मिनिटं गप्प बघत होती. मग हसून म्हणाली, "काहून वं, तू तर आधी दोरी बांधते अन् मग कपडे वाळू घालते!"

आठ महिने. मॅडमना पूर्ण झालेलं पान दिसत होतं, ते कसं झालं ते कधीच दिसलं नाही. रफाराचंही तसंच. 'सूर्य' लिहिताना ती आधी रफार काढून मग खाली य ठेवायची. कागदावर सगळं बरोबर. यात मॅडमची चूक म्हणणार नाही, मीही त्याच घरात होतो. पण पेन चालताना बघणारं माणूस बाजूला बसलेलं असणं आणि नसणं यातला फरक मला त्या सतरंजीवर कळला.

ताईचेही प्रश्न आहेतच. तिची परीक्षा आली की आठवडा गायब. लग्नसराईत विचारायची सोय नाही. इंग्रजी बेताचं, त्यामुळे विज्ञान तिच्याकडे दिलंच नाही. आणि गाव लहान, पोरीला काय येत नाही ते किराणा दुकानापर्यंत पोचतं. हे ज्याला खुपत असेल त्याने ऑनलाइनच बघावं, मी आग्रह करणार नाही. पण ताईकडे आणखी तीन पोरी यायच्या आणि त्यांच्यात बसून आमची 'कशाला' सोडून 'कायले' म्हणायला शिकली. शाळेत तिच्या शुद्धलेखनाला कोणी हसत नव्हतं, हसायचे ते तिच्या पुस्तकी बोलण्याला. ते आपोआप मिटलं.

आकड्यांतला शेवटचा अडसर मात्र दोघींपैकी कोणीच सोडवला नाही. एकोणचाळीस म्हटलं की पोरगी हमखास एकोणपन्नास लिहायची. चाळीस ऐकू आलं म्हणजे आकडा चाळीसच्या पुढचाच, असा तिचा हिशोब. माझी आई तूर निवडत बसली होती, तिथूनच म्हणाली, "अवं, चाळीसले एक उणा, तो एकोणचाळीस." झालं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही त्यावर विनोद पाठवले होते, आता पाठवणार नाही.

शाळेतल्या सरांनाच शिकवणी लावू, असं मनात असेल तर सोडून द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. आमच्या सरांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास तसाच दिला, पण त्यांच्यापुढे पैशाचा विषय काढू नका, ते अवघडतात. पुण्याहून येणाऱ्यासाठी याच कायद्यातलं आणखी एक: दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. आणि लेकरू पाचवीत किंवा आठवीत येत असेल तर त्या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षेत पास व्हावंच लागतं. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. तिथे घाई नको.

वेळेबद्दल एक चूक सांगतो. तिकडची शाळा मार्चमध्ये संपते, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे भरतात. मधले अडीच-तीन महिने हातात असतात. आम्ही ते खोलीत कूलरसमोर स्क्रीनवर घालवले. ताई तेव्हा चार घरं सोडून राहत होती. सकाळी साडेसहा ते आठ, ऊन चढायच्या आत, सगळं झालं असतं.

तेव्हा कुवेतवाल्याला मी सांगितलं, तिकडे आहात तोवर ऑनलाइन लावा, बिनधास्त. विमानातून उतरलात की बंद करा. बदलीवाल्याचा मुलगा नववीत आहे, मराठी त्याचं पक्कं आणि अडतं फक्त बीजगणितात. त्याला ऑनलाइन पुरेल बहुतेक. पुणेवाला अजून विचार करतोय.

आमच्या पोरीची दुसरी घटक चाचणी झाली. इतिहासाचा पेपर पूर्ण सोडवलेला, शेवटच्या पानावर अक्षरं एकमेकांवर पडलेली, शिरोरेघा वाकड्यातिकड्या. बाईंनी लाल पेनाने शेरा मारला होता, 'अक्षर सुधारावे'. पालकांची सही म्हणून खाली जागा होती, तिथे मी आनंदाने केली.