पावसाळ्यात संत्रापट्टा : काटोलकडे वळावं की वरूड-मोर्शी गाठावं?

संत्र्याला बहर दोन : पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग आणि थंडी सरताना फुलणारा आंबिया. मृगाची तोड मार्चअखेर आटोपते आणि आंबिया ऑक्टोबरच्या अलीकडे हाती येत नाही. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरमध्ये संत्र्याच्या मुलखात फिरायला गेलात की शेताच्या धुऱ्यावरूनच प्रश्न येतो, "काय पाहाले आले बाप्पा? संत्रं तं हिरवंच आहे अजून." खरं आहे. पण ऊन नाही, ट्रकांची गर्दी नाही, आणि बगीचेवाल्याला दोन शब्द बोलायला सवड आहे. नागपुराहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असेल तर दिशा मात्र आधी ठरवावी लागते.

नाशिककडच्या वायनरीसारखं तिकीट काढून बाग बघण्याचं प्रकरण आपल्याकडे फारसं नाही. ओळख काढायची किंवा सरळ विचारायचं, "काका, बगीचा पाहू का?" नाही म्हणणारा क्वचितच भेटतो.

काटोल साठेक किलोमीटर. काटोल आणि नरखेड दोन्ही नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. वाटेत कळमेश्वरहून जरा वाकडी वाट केली की टेकडीवरचा आदासाचा गणपती आणि चंद्रभागेकाठचं धापेवाडा, म्हणजे विदर्भाचं पंढरपूर. काटोलजवळ पारडसिंग्याला अनसूयामातेचं देऊळ. घरचे वयस्कर सोबत असतील तर हा दिवस छान जमतो. बगीचे रस्त्यालगत दिसतात, पण काटोलची खरी मजा तोडीच्या दिवसांत. पावसाळ्यात देवळंच जास्त होतात आणि संत्रा नावापुरता उरतो. माझ्या मते ही चांगली अर्ध्या दिवसाची सहल आहे, उगाच ताणू नये.

वरूड शंभरेक किलोमीटर पडतं. काटोलवरूनच पुढे जलालखेड्याकडून गेलात तर जाम नदी वर्धेला मिळते ती जागा आणि आमनेरचा पडका किल्ला वाटेत लागतो. अंतर वाढतं, पण हंगाम नसताना संत्र्याचं काही चालू असलेलं बघायचं असेल तर याच बाजूला. शेंदुरजनाघाट हे कलमांचं गाव. पाऊस लागला की लागवडीसाठी रोपं न्यायला लांबलांबचे शेतकरी इथल्या नर्सऱ्यांत येतात. एखादी पिशवी हातात घेऊन बघा. खाली जंभेरी लिंबाचा खुंट (मुळाकडचं रोप), वर त्यावर भरलेला नागपुरी संत्र्याचा डोळा (कोंब), आणि जोडाच्या जागी खोडाला किंचित बाक. जाणता गिऱ्हाईक आधी तोच बघतो. डोळा जमिनीपासून वीतभर वर हवा, नाहीतर मातीतली बुरशी जोडापर्यंत पोचते आणि झाड डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने, जातं. मोठ्या झाडांची खोडं निळसर रंगवलेली दिसतात तीही त्याचसाठी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, असं ते बोर्डो मलम. ज्यांनी मृग धरलाय त्यांच्या बगीच्यात पहिल्या पावसानंतर फुलांचा वास येतो. त्या वासासाठी जायचं तर जुलै उलटू देऊ नका.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट दिसेल, आंबियाची फळगळ. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला असतो. त्यात उभं राहून सेल्फी काढू नये, एवढं कळलं पाहिजे. कोणाचं तरी वर्ष पडलेलं असतं ते.

मोर्शीकडे दोन पर्याय. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, ज्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात, 13 दरवाज्यांचं. पाणी सोडलं की अख्खा जिल्हा तिथे लोटतो, म्हणून रविवार टाळा. दुसरं साळबर्डी, सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशाच्या अगदी सीमेवर. महादेवाच्या भुयारापर्यंत चढाई आहे, श्रावणात गर्दीही, आणि नदीला पाणी असेल तर गावात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना धरणच बरं. नर्सरी, साळबर्डी आणि धरण तिन्ही एका दिवसात कोंबलंत तर सगळा वेळ गाडीतच जाईल. मी नर्सरी आणि एकच जागा धरेन.

खाण्यात काटोलला मार्क कमी देतो, तर्री-पोहे तर नागपुरातही मिळतात. अमरावती जिल्ह्यात शिरल्यावर गिला वडा विचारावा. जेवायला पाटवडी-रस्सा मिळाला तर दुसरं काही मागवू नका.

थोडक्या वेळात, मोठ्यांना घेऊन, रेल्वेने : काटोल. पहाटे निघायची तयारी आणि शेतीची थोडी आवड : वरूड-मोर्शी. अमरावतीकरांना हा प्रश्नच नाही, त्यांच्या तर दारात आहे.

गाडी मात्र डांबरीवरच ठेवा. काळ्या मातीच्या पांदणीत चाक रुतलं की ट्रॅक्टरवाल्या भाऊला हाक मारावी लागते, आणि पोळ्याच्या दिवशी बैलजोडीची तर आशाच सोडा.