गॅरेजला शटर की झडपांचं दार?

कोकणात बंगल्याशेजारी गॅरेज काढलं की जांभ्याचं बांधकाम, वरचा पत्रा, खालचा कोबा या सगळ्यावर घरात एकमत होतं आणि दारापाशी घोडं अडतं. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, शटर टाका, कटकट नाही. शेजारचे काका म्हणतात, दोन झडपांचं लोखंडी दार करा, जन्माची चिंता मिटली. दोघांचंही म्हणणं निम्मंच खरं आहे. मी दोन्ही वापरलंय. आमच्या जुन्या गॅरेजला हाताने उचलायचं शटर होतं, नवीन बांधलं त्याला झडपा आहेत. दिसायला काय चांगलं आणि भाव काय या वादात मी पडत नाही. देखभाल आणि दुरुस्ती एवढंच बोलतो.

आधी शटरच्या बाजूने. जागा खात नाही. दारासमोर स्कूटर उभी असो, भाताची पोती असोत, ते आपलं वर जातं. वाऱ्यात आपटत नाही. ज्यावर शटर गुंडाळतं त्या वरच्या पाइपाच्या स्प्रिंगा ठाकठीक असतील तर घरातलं कोणीही ते उचलू शकतं. स्प्रिंग बरोबर आहे का हे बघायला मिस्त्री लागत नाही. शटर अर्ध्यावर आणून हात सोडायचा, जागेवर थांबलं तर सगळं नीट. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग ढिली पडलीय, आपोआप वर पळालं तर ताण जास्त आहे. मात्र ताण कमी-जास्त करायचं काम स्वतः अंगावर घेऊ नका. गुंडाळलेल्या स्प्रिंगेत बराच जोर साठलेला असतो आणि सुटलेला पाइप हात बघत नाही.

नेहमीची देखभाल म्हणाल तर चॅनेल, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचा, साफ ठेवणं. इथे बहुतेक लोक गाडीचं काढलेलं जुनं ऑइल ओततात. दोन दिवस शटर लोण्यासारखं चालतं, मग त्या ऑइलला लाल माती चिकटते आणि चॅनेलमध्ये काळा लगदा तयार होतो. कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा स्प्रे किंवा नुसतं मेण चोळलेलं बरं, असा माझा अनुभव. तेल द्यायचंच तर वरच्या पाइपाच्या टोकांना द्या.

इथपर्यंत शटरशी माझं काही भांडण नव्हतं. भांडण झालं ते पट्ट्यांवरून.

शटरचा पडदा म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लांब पट्ट्या. पट्टी आपल्या खोबणीतून वर किंवा खाली निसटत नाही, पण आडवी सरकू शकते. ती सरकू नये म्हणून एक सोडून एक पट्टीच्या दोन्ही टोकांना क्लिप मारतात. क्लिप छोटीशी, किंमत किरकोळ, आणि बाहेरून दिसत नाही. त्यामुळे स्वस्तातल्या कामात ती हमखास गाळली जाते. दुकानाचं शटर मालक सकाळी मधोमध धरून उचलतो, रात्री मधोमध धरून ओढतो, तिथे एक वेळ निभावतं. घरात तसं होत नाही. जो जिथे उभा असेल तिथून ओढतो. बायकोची स्कूटर उजवीकडे, म्हणून ती उजवीकडून ओढणार. आई डाव्या बाजूची कडी धरणार, कारण तिकडे पायरी आहे. मुलगा पायाने लोटणार. पडदा दर वेळी थोडा तिरका जातो, एखादी पट्टी केसभर सरकते आणि तिचा कोपरा चॅनेलच्या आत घासायला लागतो. आधी नुसता आवाज येतो. मग एके दिवशी शटर छातीएवढ्या उंचीवर अडकतं. ना वर, ना खाली, आणि गाडी आत.

लाकडी ठोकळा लावून हातोडीने पट्टी जागेवर बसवता येते. मी बसवायचो. ती पुन्हा सरकायची, कारण तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. पक्का इलाज म्हणजे चॅनेल सोडवून पट्ट्या सारख्या करणं आणि क्लिपा मारणं. ते शटरवाल्या मिस्त्रीचं काम, आणि तो आधी बाजारात जातो. त्याचंही बरोबर आहे. दुकानाचं शटर अडकलं तर दुकानदाराचा दिवस बुडतो, आपली फक्त गाडी अडकते. पण गणपतीच्या तोंडावर गाडी अर्ध्या शटरमागे उभी आणि आपण मिस्त्रीला फोन करतोय, हे एकदा झालं की शटरचे बाकी गुण मनातून उतरतात. माझ्या तरी उतरले.

झडपांचं दार काही कमी कटकटीचं नाही. पहिली तक्रार म्हणजे झोल. झडपेचं मोकळं टोक हळूहळू खाली येतं आणि कोब्यावर घासतं. पण ही दुरुस्ती वेल्डिंगचं मशीन असलेला गावातला कोणीही माणूस करतो. बिजागरीत वॉशर टाकून झडप उचलून घेतात, फारच झालं तर खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत तिरका अँगल मारतात. शिवाय काय बिघडलंय ते समोर दिसतं. शटरचं दुखणं वर बॉक्समध्ये झाकलेलं असतं.

झोलाचं खरं कारण बऱ्याचदा दारात नसून भिंतीत असतं. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा, पत्राच चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, त्यावर चौकट आणि कड्याकोयंडे. एवढं वजन बिजागऱ्यांवर लोंबकळतं आणि बिजागऱ्यांचे होल्डफास्ट, म्हणजे त्यांना भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, थेट जांभ्यात ठोकलेले असतात. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. आतलं लोखंड गंजून फुगतं आणि चिऱ्यातली पकड सुटते. मग लोक दाराला नावं ठेवतात. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा खांब घ्या, निदान होल्डफास्टच्या जागी चिरा काढून काँक्रीट भरा. खालची बिजागरी बेअरिंगची मिळाली तर उत्तमच.

दुसरी तक्रार वाऱ्याची. जून-जुलैच्या झोतात उघडी झडप गाडीवर येऊन आपटू शकते, तेव्हा भिंतीला आकडा हवाच. तिसरी, खालच्या उभ्या कडीचं भोक मातीने भरतं आणि दर थोड्या दिवसांनी खिळ्याने उकरावं लागतं. हे मला अजून आवडत नाही, पण त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही.

गंजाचा हिशेब वेगळा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा. शटरच्या पट्ट्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे ओल धरते आणि ब्रश पोचत नाही. वरचा रंग गुंडाळताना घासून जातो. गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या साध्या लोखंडापेक्षा बऱ्याच टिकतात, फक्त वेल्डिंग केलं तिथला जस्ताचा थर जळतो आणि तिथून गंज सुरू होतो. त्या जागी झिंकचा प्रायमर मारून घ्यावा. झडप पुढून-मागून घासता येते, रेड ऑक्साइड मारून रंगवता येते. तिची कमजोर जागा म्हणजे खालचा चौकोनी पाइप. त्यात पाणी साचतं आणि तो आतून कुजतो, बाहेरून रंग मात्र छान दिसतो. पाइपाला खालून दोन-तीन बारीक भोकं पाडायला सांगा.

नदीकाठच्या गावात असाल तर आणखी एक बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पुराचा गाळ चॅनेलमध्ये आणि पट्ट्यांच्या सांध्यात शिरून सुकला की शटर हलेनासं होतं. झडपेच्या बिजागऱ्या धुऊन ग्रीस भरलं की बहुधा काम भागतं.

मोटरचं विचाराल तर तिने पट्टीचा प्रश्न थोडा सुटतो, कारण कोणी एका बाजूने ओढत नाही. साधारण दहा चौरस मीटरच्या वरच्या शटरला साखळी किंवा मोटर हवीच, हाताने ते झेपत नाही. पण आमच्याकडे पावसात वीज कधी जाते आणि कधी येते याचा नेम नाही. घ्यायचीच तर वीज नसताना साखळीने किंवा हँडलने हाती चालणारी घ्या आणि ते हँडल कुठे ठेवलंय हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

झडपा प्रत्येकाला जमतील असं नाही. नऊ फुटांच्या दाराची एक झडप साडेचार फुटांची, म्हणजे गाडी आणि दार यांत तेवढी मोकळी जागा हवी. गॅरेजच्या तोंडाशीच रस्ता असेल तर विषय संपला. अंगण बाहेरच्या बाजूला चढत जात असेल तर झडप उघडताना जमिनीला टेकते, आणि कोकणात सपाट अंगण किती जणांकडे असतं? आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा गॅरेजच खातात. चार घड्यांचं दार हा मधला मार्ग आहे, पण बिजागऱ्या वाढल्या की तक्रारीही वाढतात.

अशा जागी शटरच घ्या, मीही तेच घेतलं असतं. फक्त पट्ट्या गॅल्व्हनाइज्ड सांगा, गॅरेजला बाजूने एक छोटं दार ठेवा म्हणजे शटर अडकलं तरी आत जाता येईल. आणि क्लिपा मारल्याशिवाय पडदा वर चढवू देऊ नका. एकदा गुंडाळला की मोजता येत नाहीत.