क्वीन मेरी 2 की भूमध्य समुद्रातील क्रूझ : जहाजाचा प्रवास ठरवण्यापूर्वी

एकदा तरी मोठ्या जहाजाने लांबचा प्रवास करायचा, असे मनाशी ठरवलेल्या मराठी प्रवाशापुढे आज प्रामुख्याने दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून न्यू यॉर्कपर्यंत, वाटेत एकही बंदर न घेता, सात रात्रींत अटलांटिक ओलांडणारी ‘क्वीन मेरी 2’. दुसरा म्हणजे बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिविटावेक्कियाहून निघून जवळजवळ रोज नव्या बंदराला लागणारी, तितक्याच रात्रींची भूमध्य समुद्रातील क्रूझ. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची करणारे जहाज हा तिसरा पर्याय आहे, पण त्याचे स्वरूप इतके निराळे आहे की त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केलेला बरा. पहिले दोन प्रवास माहितीपत्रकात सारखे दिसत असले, तरी एका ठिकाणी प्रवासी समुद्रासाठी जातो आणि दुसऱ्या ठिकाणी किनाऱ्यासाठी. निराश होऊन परतलेल्या बहुतेकांच्या तक्रारींच्या मुळाशी हा फरक आधी न ओळखणे असते, असे माझे मत आहे.

फरकाची सुरुवात जहाजाच्या बांधणीपासूनच होते. क्वीन मेरी 2 फ्रान्समधील सें-नाझेरच्या गोदीत बांधली गेली आणि जानेवारी 2004 मध्ये सेवेत दाखल झाली. लांबी 345 मीटर, प्रवासी सुमारे 2,700 आणि कर्मचारी बाराशेच्या आसपास, हे आकडे आजच्या मानाने फार मोठे नाहीत. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे क्रूझ जहाज साडेसात हजारांपर्यंत प्रवासी नेऊ शकते. मात्र क्वीन मेरीचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब आणि धारदार आहे, पत्रा जाड आहे, पाण्याखालचा भाग सुमारे 10 मीटर खोल आहे आणि गरज पडल्यास ती ताशी 30 सागरी मैलांच्या जवळपास वेग घेऊ शकते. उत्तर अटलांटिकच्या लाटा कापत ठरलेल्या दिवशी पलीकडे पोहोचण्यासाठी ती आखली गेली आहे. याउलट भूमध्य समुद्रातील जहाजे बाल्कन्या, जलतरण तलाव आणि घसरगुंड्या यांच्या सोयीने आखलेली असतात, कारण त्यांना खवळलेल्या समुद्रातून वाट काढण्यापेक्षा तो टाळण्याची मुभा असते.

साध्या भाषेत विचारायचे तर, बोट कुठे अधिक लागते? बांधणी कितीही भक्कम असली तरी अटलांटिकवरच अधिक लागते. जहाजाच्या बाजूंना असलेले स्टॅबिलायझर डावी-उजवी डोलणी बरीच कमी करतात, पण नाळ वर उचलली जाऊन पुन्हा खाली आपटण्याची हालचाल ते थांबवू शकत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळांचा हंगाम असतो आणि नोव्हेंबरनंतर समुद्र एकूणच खवळलेला असतो. अशा वेळी उघडे डेक बंद ठेवावे लागतात आणि दोन-तीन दिवस बाहेरची हवासुद्धा मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यू फाउंडलंडच्या जवळ धुके असते, आणि धुक्यात जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने भोंगा वाजवणे नियमाने बंधनकारक आहे. क्वीन मेरी 2 वरील एक भोंगा 1930 च्या दशकातील मूळ ‘क्वीन मेरी’चा असून त्याचा आवाज दहा मैलांपर्यंत जातो, असे सांगतात. काहींना ही प्रवासातील सर्वांत सुंदर आठवण वाटते. पुढच्या बाजूच्या केबिनमध्ये झोपू पाहणाऱ्यांचे मत वेगळे असू शकते. मे ते सप्टेंबर या काळातील भूमध्य समुद्र त्या मानाने शांत असतो, आणि बोट लागलीच तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकतात, हा मोठाच दिलासा आहे. ज्यांना घाटातही गाडी लागते त्यांनी कोणत्याही जहाजावर मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी आणि गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

समुद्रावरच्या मोकळ्या दिवसांचे काय करायचे, हा खरा निर्णायक प्रश्न आहे. क्वीन मेरीवर हजारो पुस्तकांचे मोठे ग्रंथालय आहे, तारांगण आहे, व्याख्याने होतात, दुपारी क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा आणि स्कोन (छोटे इंग्रजी पाव) घेऊन येतात, आणि रात्री त्याच दालनात वाद्यवृंदाच्या साथीने नृत्य चालते. कुत्र्यांसाठी 24 खोल्यांचे श्वानगृहसुद्धा आहे. तिथे इंग्रजी कुत्र्यांच्या सोयीसाठी दिव्याचा खांब आणि अमेरिकी कुत्र्यांसाठी अग्निशमनाचा नळ उभा केला आहे, हे वाचून हसू आले तरी ते खरे आहे. पश्चिमेकडे जाताना सात दिवसांत पाच वेळा घड्याळ एक तास मागे घेतले जाते, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे मिळतात आणि न्यू यॉर्कला उतरताना शरीर तिथल्या वेळेला आधीच सरावलेले असते. विमानाने अमेरिकेला जाऊन आठवडाभर अवेळी झोपणाऱ्या ज्येष्ठांना या सुखाची किंमत सांगायला नको. उलट दिशेने मात्र दिवस तेवीस तासांचे होतात, म्हणून निवड करता येत असेल तर प्रवास पश्चिमेकडचाच घ्यावा.

पण ज्याला वाचनाची, नुसते बसून राहण्याची किंवा अनोळखी माणसांशी गप्पा मारण्याची आवड नाही, त्याला हेच दिवस तिसऱ्या दुपारपासून जड जाऊ लागतात. सभोवार पाणीच असते, दुसरे जहाज क्वचितच दिसते, आणि आकाश भरलेले असले तर सूर्यास्तही दिसत नाही. लहान मुलांची देखभाल करण्याची सोय आहे, तरी दहा-बारा वर्षांच्या मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या आणि खेळ असलेले क्रूझ जहाजच अधिक आवडेल.

पोशाखाचा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो, पण त्यावरून प्रवासाचा रंग बदलतो. सात रात्रींच्या प्रवासात साधारण दोन समारंभाच्या रात्री असतात. त्या दिवशी पुरुषांकडून डिनर जॅकेट किंवा गडद सूट अपेक्षित असतो, मात्र राष्ट्रीय पोशाख चालतो, त्यामुळे पैठणी आणि बंदगळा नेणाऱ्यांना नवीन कपडे शिवण्याचे कारण नाही. नटण्याचा कंटाळा असणाऱ्यांना किंग्ज कोर्ट हे बुफे भोजनगृह खुले असते. याहून खटकणारी बाब अशी की केबिनच्या दर्जावरून भोजनगृह ठरते : ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल, क्वीन्स ग्रिल अशी चढती श्रेणी आहे आणि खालच्या श्रेणीच्या प्रवाशाला वरच्या भोजनगृहात प्रवेश नाही. जुन्या आगबोटींवरील वर्गभेदाची ही आठवण काहींना डौलदार वाटते, काहींना बोचते. मोठ्या क्रूझ जहाजांवरही खास सुइट घेणाऱ्यांसाठी वेगळी दालने निघू लागली आहेत, त्यामुळे हा दोष एकट्या क्वीन मेरीचा म्हणता येत नाही. शाकाहारी जेवण दोन्हीकडे मिळते, पण जैन किंवा बिनअंड्याचे जेवण हवे असल्यास ते तिकीट घेतानाच लेखी कळवावे.

भूमध्य समुद्रातील क्रूझची बाजू बंदरांवर उभी आहे, आणि ती भक्कम आहे. माल्टातील व्हॅलेटाच्या दगडी तटबंद्यांमधून जहाज हळूहळू आत शिरते, किंवा पहाटे नेपल्सच्या मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी दिसू लागतो, तेव्हाची शोभा कोणत्याही विमानतळावर मिळणार नाही. एकदाच सामान उघडून पाच-सहा शहरे पाहता येतात, ही सोय गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी अमूल्य आहे. तरीही जाहिरातीतील नावे जपून वाचावीत. ‘रोम’ म्हणजे चिविटावेक्किया, जिथून रोमला जायला रेल्वेने तासभर तरी लागतो. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, आणि तिथूनही तितकेच लांब जावे लागते. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना वेनिसच्या ज्युडेका कालव्यातून जाण्यास मनाई आहे, म्हणून ‘वेनिस’ लिहिलेल्या सहलीचे जहाज प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेला लागू शकते. सॅन्टोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणि तिथून केबल कारने वर जायचे असते, आणि एकाच दिवशी तीन-चार जहाजे आली की अर्धा वेळ रांगेतच जातो. सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचपर्यंत परतायचे, म्हणजे एखाद्या शहराची चव मिळते, ओळख होत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेला प्रवासी उशिरा आला, तर जहाज थांबत नाही.

बंदर अचानक वगळले जाणे हा अशा सहलींचा सर्वांत सामान्य मनस्ताप आहे. तिकिटाच्या अटींनुसार कप्तानाला तो अधिकार असतो आणि भरपाई म्हणून बहुधा बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते. गंमत म्हणजे याचे गाजलेले उदाहरण क्वीन मेरी 2 चेच आहे, पण ते तिच्या अटलांटिक फेरीतील नव्हे. जानेवारी 2006 मध्ये फ्लॉरिडाहून दक्षिण अमेरिकेकडे निघताना तिचे एक प्रॉपेलर-यंत्र खाडीच्या कडेला आदळले, वेग कमी झाला, वाटेतील बंदरे रद्द झाली, आणि संतापलेल्या प्रवाशांनी रिओला उतरणारच नाही अशी धमकी दिली. अखेर कंपनीने पूर्ण भाडे परत करण्याचे मान्य केले. साउदॅम्प्टन-न्यू यॉर्क प्रवासात वगळायला बंदरच नसते, त्यामुळे हा मनस्तापही नसतो.

वाईट अनुभवांपैकी आजारपणाचा विचार अधिक गांभीर्याने करावा. नोरोव्हायरसची साथ दोन्ही प्रकारच्या जहाजांवर येते. 2025 च्या वसंतात क्वीन मेरी 2 वरच दोनशेहून अधिक प्रवासी उलट्या-जुलाबांनी आजारी पडले होते. निर्जंतुक द्रव हाताला लावण्यापेक्षा साबणाने हात धुणे या विषाणूवर अधिक उपयोगी पडते. फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर 3,711 जण होते, त्यांपैकी 700 हून अधिकांना कोविड झाला. त्या जहाजावर 138 भारतीय होते आणि त्यांतले बहुतेक कर्मचारी होते. गोवा, मुंबई आणि कोकणातील हजारो घरे अशा नोकऱ्यांवर चालतात, हे सुटीवर निघालेल्याने लक्षात ठेवावे.

यांत्रिक बिघाडाच्या बाबतीत मात्र किनाऱ्याची जवळीक दोन्ही बाजूंनी काम करते. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिने वादळात बंद पडली, तेव्हा खडक जवळ असल्यामुळे धोका वाढला, पण किनारा जवळ असल्यामुळेच 479 जणांना हेलिकॉप्टरने उचलता आले. अटलांटिकच्या मध्यावर खडक नाहीत आणि हेलिकॉप्टरही पोहोचत नाही. तिथे एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला, तर जहाजावरच्या दवाखान्यात जेवढे होईल तेवढेच उपचार मिळतात आणि जहाज वाट बदलून कॅनडातील एखाद्या बंदराकडे जाऊ शकते. अशा घटना क्वचित घडतात हे मान्य करूनही, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीने भूमध्य समुद्रच निवडावा, असे मी निःसंकोच सुचवेन.

मुंबईच्या पर्यायाविषयी थोडक्यात. या मार्गावरचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 चे आहे आणि तेही सें-नाझेरमध्येच बांधलेले आहे. व्हिसा लागत नाही, जेवण आपल्या चवीचे असते, तीन-चार रात्रींत घरी परतता येते, आणि बोट आपल्याला कितपत लागते हे कमी खर्चात कळते. शांतता मात्र अपेक्षू नये. डेकवर मोठ्या आवाजात संगीत सुरू असते आणि शनिवार-रविवारी त्याला पार्टीचे रूप येते. जानेवारी 2022 मध्ये याच जहाजावर 66 जणांना कोविडची लागण झाल्याचे आढळले आणि प्रवाशांना गोव्याहून मुंबईला परत यावे लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला असतो. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये.

उरतो खर्च आणि कागदपत्रे. छापील भाड्यात रोजची सेवारक्कम, इंटरनेट, दारू आणि किनाऱ्यावरील सहली बहुधा धरलेल्या नसतात. भूमध्य क्रूझमध्ये सहलींचा आकडा भाड्याच्या जवळ जाऊ शकतो, तर अटलांटिकवर तो शून्य असतो. त्यामुळे वरकरणी महाग वाटणारी क्वीन मेरी हिशेब केल्यावर तितकी महाग राहत नाही. एकट्या प्रवाशाला दोन्हीकडे जवळजवळ दोघांचे भाडे पडते. क्वीन मेरीवर एकट्यांसाठी 15 केबिन आहेत, पण त्या लवकर संपतात. भारतीय पारपत्रधारकाला क्वीन मेरीसाठी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. भूमध्य समुद्रासाठी शेंगेन (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा पुरतो, मात्र तुर्कस्तानासारखे शेंगेनबाहेरचे बंदर वाटेत असल्यास तो अनेकवार प्रवेशाचाच हवा आणि त्या देशाचा व्हिसाही पाहावा लागतो.

न्यू जर्सीत मुलांकडे निघालेल्या आणि अमेरिकेचा व्हिसा आधीच हाती असलेल्या पालकांना मी क्वीन मेरीच सुचवेन. मुंबईहून लंडनला विमानाने जावे, तिथे चार दिवस राहावे, वॉटर्लूहून रेल्वेने साउदॅम्प्टन गाठावे आणि जून ते ऑगस्टमधील पश्चिमेकडची फेरी घ्यावी. बाल्कनीची केबिन जहाजाच्या डाव्या बाजूची घ्यावी, कारण पश्चिमेकडे जाताना ती दक्षिणेला येते आणि ऊन मिळते. आठव्या मजल्यावरील अनेक बाल्कन्यांसमोर जीवरक्षक होड्या आड येतात, आणि खालच्या मजल्यांवरील पोलादी कठड्याच्या बाल्कन्यांत वारा लागत नसला तरी बसल्यावर समुद्र दिसत नाही, हे आधी पाहून घ्यावे. शेवटच्या पहाटे जहाज न्यू यॉर्क बंदराच्या तोंडावरील व्हेराझानो पुलाखालून जाते, तेव्हा भरतीच्या वेळी धुराड्याच्या वर सुमारे चार मीटरच जागा उरते. ते पाहण्यासाठी साडेचारला डेकवर असावे लागते, म्हणून आदल्या रात्रीच सामान बांधून केबिनबाहेर ठेवावे आणि अंगावरचे गरम कपडे त्यात जाऊ देऊ नयेत.