फक्त आमच्याच घरातली वीज गेली तेव्हा : एका वीजदुरुस्ती सेवेचे परीक्षण

संपूर्ण परिसराची वीज गेली की माणूस मेणबत्ती लावून वाट पाहतो, कारण कोणीतरी कुठेतरी कामाला लागले असेल याची त्याला खात्री असते. शेजारच्या खिडक्यांत उजेड आहे, जिन्यातला दिवाही चालू आहे आणि काळोख फक्त आपल्या घरात आहे, अशा वेळी वाट पाहून काहीही होत नाही. दोष आपल्या उंबरठ्याच्या आत किंवा त्याच्या अगदी जवळ असतो आणि जाणकार माणसाने येऊन शोधल्याखेरीज तो हाती लागत नाही. आमच्याकडे ही वेळ तीन दिवसांत दोनदा आली आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या दुरुस्ती सेवांना बोलवावे लागले. पहिल्या सेवेने वीज परत आणली. दुसरीने ती का गेली हे शोधून काढले. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या सेवेचे आहे, परंतु पहिलीचा अनुभव सांगितल्याशिवाय तिचे मोल कळणार नाही.

आमच्यासाठी प्रश्न केवळ दिव्यांचा नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती हवेच्या गादीवर झोपते. गादीचा पंप बंद पडला की हवा हळूहळू उतरते. नळीच्या तोंडाला टोपण लावून आहे ती हवा धरून ठेवता येते आणि दर दोन तासांनी कूस बदलून वेळ निभावता येते, पण एका रात्रीपुरतीच. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

पहिल्या सेवेकडून आलेल्या गृहस्थांनी खिशातला टेस्टर काढून प्लगच्या दोन्ही छिद्रांत घातला. दोन्हीकडे तो पेटला. त्यावरून त्यांनी घरात ‘डबल फेज’ आला, म्हणजे दोन्ही वायरींतून वीज येते आहे, असे सांगितले, मेन स्विचच्या पेटीतल्या वायरी हाताने हलवून पाहिल्या आणि दिवे लागताच सगळे वायरिंग जुने झाले असून ते बदलावे लागेल, असा सल्ला देऊन ते दहा मिनिटांत निघून गेले. वायरी हलवल्यावर वीज आली, म्हणजे कुठलातरी जोड ढिला आहे, ही साधी गोष्ट त्यांनी विचारात घेतली नाही आणि त्या क्षणी माझ्याही लक्षात आली नाही. तिसऱ्या रात्री पुन्हा अंधार झाला.

दुसऱ्या सेवेचे वेगळेपण फोनवरच जाणवले. येण्याची वेळ देण्याआधी त्या वीजतंत्रज्ञांनी मला काही प्रश्न विचारले : शेजाऱ्यांकडे वीज आहे का? मीटरच्या पडद्यावर आकडे दिसतात का? पेटीतला एखादा एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा संरक्षक स्विच, खाली पडला आहे का? जळका वास येतो का? गेल्या काही दिवसांत गीझर लावल्यावर दिवे मंद होत होते किंवा लुकलुकत होते का? मीटरचे आकडे दिसत होते आणि सगळे एमसीबी वर होते. दिवे मात्र जवळजवळ पंधरवडाभर लुकलुकत होते आणि आम्ही त्याचा दोष बल्बांना देत आलो होतो. हे ऐकून त्यांनी मेन स्विच बंद करा आणि मी येईपर्यंत कोणत्याही उपकरणाला किंवा बोर्डाला हात लावू नका, असे बजावून सांगितले. त्या सूचनेचे गांभीर्य मला नंतर उमगले.

तपासणी पाहण्यासारखी होती. त्यांच्याकडे टेस्टर होताच, पण त्याच्या भरवशावर ते कोणताही निष्कर्ष काढत नव्हते. त्यांनी आधी मल्टिमीटरने फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थिंग (जमिनीला जोडलेली सुरक्षेची वायर) यांच्यामधला दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजला, तो २३० व्होल्ट भरला. फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) यांच्यामध्ये मात्र आकडा एका जागी ठरत नव्हता. डिजिटल मीटर तुटलेल्या वायरीवरही काही फसवे आकडे दाखवू शकतो, म्हणून त्यांनी टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावून खात्री केली. त्यानंतर मीटरजवळच्या कटआउटपासून (मुख्य फ्यूजपासून) मेन स्विचपर्यंत ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकले. मेन स्विचमध्ये येणाऱ्या न्यूट्रल वायरीच्या तांब्यावर मल्टिमीटरचे टोक ठेवले तेव्हा आकडा बरोबर येत होता आणि तेच टोक एका बोटाच्या अंतरावर टर्मिनलच्या पट्टीवर ठेवले की तो ढासळत होता. दोष त्या बोटभर जागेत होता. वायरीचे काही पदर स्क्रूच्या बाहेर राहिले होते, उरलेल्यांवर काळी पुटे चढली होती आणि वरचे आवरण उष्णतेने कडक होऊन फुटले होते.

पहिल्या दिवशी टेस्टर दोन्ही छिद्रांत का पेटला, हे त्यांनी तिथेच समजावून सांगितले. न्यूट्रल तुटला की चालू ठेवलेल्या दिव्यांतून आणि उपकरणांतून फेज पलीकडच्या, एरवी निरुपद्रवी असलेल्या वायरीवर येऊन उभा राहतो. परत जायला वाट नसल्यामुळे दिवा लागत नाही, पण त्या वायरीला जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला तर त्याच्या शरीरातून ती वाट तयार होते. टेस्टरमधला निऑन दिवा तर अत्यल्प प्रवाहावरही पेटतो, म्हणून तो फक्त दाब असल्याचे सांगतो. विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण आहे की नाही हे सांगत नाही. सगळे घर अंधारात असताना, वीज नाहीच असे धरून चालून, विजेरीच्या उजेडात मी एका बोर्डाचे झाकण उघडले होते, हे आठवून मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली.

माझा दुसरा प्रश्न एमसीबी का पडला नाही हा होता. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तर पडतो आणि आरसीसीबी हा गळतीपासून वाचवणारा स्विच फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला तर पडतो. ढिल्या जोडात यांपैकी काहीच घडत नाही. प्रवाह उलट थोडा कमीच होतो. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो आणि जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला तरी त्या एका स्क्रूखाली जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता प्लास्टिकच्या बंद पेटीत आमच्या भिंतीवर पंधरवडाभर अधूनमधून निर्माण होत होती आणि सुरक्षेसाठी बसवलेल्या दोन्ही उपकरणांना तिचा पत्ता लागण्याचा मार्गच नव्हता.

दुरुस्तीचे काम शिस्तीत झाले. कटआउट काढून वीज पूर्ण बंद केल्याची त्यांनी पुन्हा मोजून खात्री केली. काळवंडलेला भाग चांगले तांबे दिसेपर्यंत कापला, वायरीच्या टोकाला नवा लग (धातूची टोपी) दाबून बसवला आणि टर्मिनलही भाजले असल्यामुळे मेन स्विच बदलला. त्यानंतर, दिवे लागू शकत असतानाही, त्यांनी घरातली नाजूक उपकरणे वेगळी करून मेगर या रोधमापकाने ५०० व्होल्टवर वायरींच्या आवरणाचा रोध तपासला. १ मेगाओहम ही किमान मर्यादा आहे आणि आमच्या सर्व वायरी तिच्या बऱ्याच वर होत्या. म्हणजे संपूर्ण वायरिंग बदलण्याचा आधीचा सल्ला निराधार होता. फक्त स्वयंपाकघराकडच्या एका वायरीचे आवरण टोकाशी ठिसूळ झाले आहे, ती सवडीने बदलावी, असे त्यांनी सांगितले. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही त्यांनी उपकरण लावून तपासला आणि त्यावरचे चाचणीचे बटण काही महिन्यांनी एकदा दाबून पाहण्यास सांगितले. मीटरच्या सीलला त्यांनी हात लावला नाही. दोष मीटरच्या पलीकडे, खांबाच्या बाजूला निघाला असता तर ते काम वीजकंपनीचे आहे, मी करणार नाही, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. हा संयम मला त्यांच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

काही उणिवाही नोंदवायला हव्यात. दिलेल्या वेळेपेक्षा ते तासभर उशिरा आले आणि उशीर होणार असल्याचा फोन केला नाही. घरात रुग्ण आहे हे सांगितल्यानंतर हा फोन यायला हवा होता. मोजमापांचा कागद त्यांनी न मागता दिला ही चांगली गोष्ट आहे, पण त्यावरचे अक्षर इतके घाईचे आहे की दोन आकडे मला पुन्हा विचारून घ्यावे लागले. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, याच्या चिठ्ठ्या लावण्याचे कामही मी सुचवल्यावरच झाले. शुल्क मात्र तपासणीचे वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे असे आधीच सांगितले गेले आणि त्यात नंतर बदल झाला नाही.

दुसऱ्यांदा वीज गेल्यापासून गादीचा पंप पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे चार तास गेले. त्यातला पाऊण तास निव्वळ मोजमापाचा होता आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तेव्हापासून गीझर लावला तरी दिवे स्थिर राहतात. स्वयंपाकघराकडची ती वायर बदलण्यासाठी मी याच सेवेची पुढची वेळ घेतली आहे. उशीर होणार असेल तर आधी कळवावे आणि मोजमापांचा कागद या वेळी सुवाच्य असावा, एवढ्या दोन गोष्टी वेळ ठरवतानाच सांगून ठेवल्या आहेत.